विंडस्केलच्या आगीचे दोन कागद : एक परीक्षण

(१) विषयप्रवेश

इ. स. १९५७ च्या ऑक्टोबर महिन्यांत इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावर, कंबरलंड परगण्यांतील विंडस्केल येथें, एका अणुभट्टीस आग लागली. ह्या आगीसंबंधीं इंग्रज सरकारचे दोन प्रमुख कागद आज उपलब्ध आहेत. एक, त्याच सालच्या नोव्हेंबरांत पार्लमेंटापुढें ठेवलेली श्वेतपत्रिका. दुसरा, सर विल्यम पेनी यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी-समितीनें २६ ऑक्टोबर रोजीं पुरा केलेला अहवाल. श्वेतपत्रिका लागलीच छापून निघाली. पेनी यांचा अहवाल मात्र तीस वर्षें बंद दप्तरांत राहिला आणि १९८८ च्या जानेवारींत अभ्यासकांस खुला झाला. म्हणजे जो कागद आधीं लिहिला गेला तो मागाहून प्रसिद्ध झाला, आणि त्याच्या आधारें जो बनविला गेला तोच तीस वर्षें लोकांपुढें प्रमाण म्हणून मिरवला.

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस अणुभट्टीचें शास्त्र परकें वाटेल. परंतु ज्या प्रश्नाचा येथें विचार करावयाचा आहे तो त्यांच्या नित्य परिचयाचा आहे. अस्सल कागद कोणता, त्यावरून केलेला संक्षेप कोणता, संक्षेप करणारानें काय राखलें, काय गाळलें, आणि कोणाच्या सोयीसाठीं गाळलें, हे ते प्रश्न होत. कै. राजवाडे यांनीं १८९८ सालीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' ह्या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध करतांना बखरींस जी कसोटी लावली, तीच कसोटी आधुनिक सरकारच्या छापील कागदासहि लागते किंवा नाहीं, हें पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. अठराव्या शतकांतील पत्राचा अर्थ चुकला तर इतिहास चुकतो. किरणोत्सर्गाच्या संकटावरील कागद खोटा निघाला तर पुढच्या संकटाची तयारी चुकते, आणि त्याची किंमत जिवंत माणसांस द्यावी लागते. एवढाच काय तो भेद.

(२) घटनेचा सारांश

विंडस्केल येथील दोन भट्ट्या वीज निर्माण करण्यासाठीं नव्हत्या. अणुबाँबकरितां प्लुटोनियम तयार करणें हा त्यांचा हेतु होता. पहिली भट्टी १९५० सालीं व दुसरी १९५१ सालीं सुरू झाली. ग्रॅफाईटच्या प्रचंड रचनेंत आडव्या नळ्या ठेवून त्यांत युरेनियमच्या कांड्या भरीत, आणि पंख्यांनीं हवा सोडून त्या थंड ठेवीत. ही हवा उंच धुराड्यांतून बाहेर जाई. धुराड्यांच्या माथ्यावर गाळण्या बसवाव्या असा सर जॉन कॉकक्रॉफ्ट यांचा आग्रह होता. तो खर्च व्यर्थ म्हणून त्या गाळण्यांस 'कॉकक्रॉफ्टचा खुळेपणा' असें थट्टेचें नांव पडलें होतें. पुढें त्याच गाळण्यांनीं बाहेर पडणाऱ्या विषाचा मोठा भाग अडविला, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

किरणांच्या माऱ्यानें ग्रॅफाईटमध्यें एक प्रकारची शक्ति सांचते. ती वेळोवेळीं भट्टी तापवून मोकळी करावी लागे. अशा प्रकारची नववी क्रिया ७ ऑक्टोबर १९५७ रोजीं सुरू झाली. पहिलें तापवणें पुरेसें झालें नाहीं असें वाटून ८ तारखेस सकाळीं भट्टी पुन्हां तापविण्यांत आली. १० तारखेस धुराड्यापाशीं किरणोत्सर्ग वाढलेला आढळला, आणि नळीचें झांकण काढून पाहतां आंतील इंधन लाल होऊन जळत असलेलें दिसलें. सुमारें दीडशें नळ्यांत हा प्रकार झाला होता. प्रथम कर्बद्विप्राणिल वायु सोडून पाहिला. उपयोग झाला नाहीं. शेवटीं ११ तारखेस सकाळीं, स्फोटाचा धोका पत्करून, पाणी सोडण्यांत आलें व पंख्यांची हवा बंद केली. १२ तारखेस आग विझली. उपव्यवस्थापक टॉम टूही हे वारंवार भट्टीच्या माथ्यावर चढून आंतील स्थिति स्वतः पाहत होते. त्यांच्या व त्यांच्या सहकाऱ्यांच्या धैर्याविषयीं दोन्ही कागदांत दुमत नाहीं.

(३) मूळ व संक्षेप

आतां दोन्ही कागद शेजारीं ठेवून पाहूं. श्वेतपत्रिकेंत अपघाताचीं कारणें थोडक्यांत दिलीं आहेत : मोजमापाचीं उपकरणें ह्या क्रियेच्या दृष्टीनें अपुरीं होतीं, भट्टी चालविणाऱ्यांच्या निर्णयांत दोष घडले, आणि ह्या दोषांच्या मुळाशीं संघटनेंतील उणीवा होत्या. म्हणजे श्वेतपत्रिकेंत उघड असत्य कोठें आहे असें म्हणतां येत नाहीं. उपकरणें, माणसें व संघटना ह्या तिन्ही गोष्टींचीं नांवें तींत आहेत.

परंतु नांव देणें निराळें आणि हकीकत देणें निराळें. पेनी-अहवालांत हकीकत आहे. उष्णता मोजणारीं यंत्रें भट्टीच्या नेहमींच्या चालीस योग्य अशा ठिकाणीं बसविलेलीं होतीं. शक्ति मोकळी करण्याच्या क्रियेंत जेथें सर्वांत अधिक उष्णता होई तेथें तीं नव्हतीं, असें त्यांत सांगितलें आहे. ह्या नाजूक क्रियेसाठीं तपशीलवार नियमपुस्तिका भट्टीवर नव्हतीच. चालविणाऱ्यांच्या हातीं एका जुन्या त्रोटक टिपणापलीकडे लेखी मार्गदर्शन नव्हतें, हेंहि त्यांत आहे. दुसरें तापवणें फार लवकर व फार जलद झालें, हें अपघाताचें प्रधान कारण होय, असा निष्कर्ष समितीनें काढला आहे. पण तो वरील दोन गोष्टींच्या शेजारीं बसून वाचावयाचा आहे. ज्याच्यापुढें चुकीच्या जागेची उष्णता दाखविणारा कांटा आहे आणि ज्याच्या हातीं नियमांचें पुस्तक नाहीं, त्यानें चूक केली असें म्हणतांना दोष कोणाचा, हें मूळ अहवाल वाचणारास आपोआप कळतें. श्वेतपत्रिका वाचणारास कळत नाहीं.

संक्षेप करतांना सामान्य शब्द राहिले व विशिष्ट गोष्टी गळाल्या. सामान्य शब्दांपैकींहि लोकांच्या स्मरणांत राहिला तो एकच : चालविणाऱ्यांची चूक. 'संघटनेंतील उणीवा' ह्या शब्दांस चेहरा नसतो. 'चालविणारे' ह्या शब्दास असतो. ज्यांनीं आग विझविली त्यांच्याच माथीं आग लावल्याचा ठपका वर्षानुवर्षें राहिला आणि त्याबद्दल त्यांच्या मनांत कायमची सल राहिली. बखरकार ज्याप्रमाणें पराभवाचें कारण एखाद्या सरदाराच्या हट्टांत शोधून मोकळा होतो आणि रसद, पैका व दळणवळण यांची हकीकत सोडून देतो, त्याच जातीचा हा दोष आहे. फरक एवढाच कीं, बखरकाराजवळ बहुधा मूळ कागद नसत. श्वेतपत्रिका लिहिणारांच्या टेबलावर मूळ अहवाल होता.

(४) गाळण्याचें कारण

तो कां गाळला, याचें उत्तर तत्कालीन राजकारणांत आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेनें १९४६ च्या कायद्यानें अणुशास्त्रांतील रहस्यें इंग्लंडासहि देण्याचें बंद केलें होतें. १९५७ च्या ४ ऑक्टोबर रोजीं रशियानें पहिला कृत्रिम उपग्रह आकाशांत सोडला आणि अमेरिकेचें मन वळूं लागलें. मुख्य प्रधान हॅरोल्ड मॅकमिलन हे त्याच महिन्याच्या अखेरच्या आठवड्यांत वॉशिंग्टन येथें अध्यक्ष आयसेनहॉवर यांस भेटले व सहकार्याचें आश्वासन घेऊन परतले. परत येतांच त्यांच्या हातीं पेनी-अहवाल पडला. आपल्याच भट्टीवर नियमपुस्तिका नव्हती हें जाहीर झाल्यास अमेरिकन काँग्रेस कायदा बदलण्यास तयार होणार नाहीं, ही भीति त्यांनीं आपल्या रोजनिशींत नमूद केली आहे. त्यांनीं अहवालाच्या प्रती आवरून धरल्या व त्याऐवजीं श्वेतपत्रिका काढली. १९५८ च्या जुलैंत इंग्लंड व अमेरिका यांचा संरक्षणविषयक अणुकरार झाला. मुख्य प्रधानांचा हेतु सफल झाला, हें निर्विवाद आहे.

येथें एक विवेक केला पाहिजे. कांहीं मजकूर गुप्त ठेवण्यास खरें लष्करी कारण होतें. भट्टींत युरेनियमखेरीज लिथियम-मॅग्नेशियमच्या कांड्या होत्या व त्यांचा संबंध उदजन-बाँबशीं होता. पण उष्णतामापक चुकीच्या ठिकाणीं होते किंवा नियमपुस्तिका नव्हती, ह्या माहितीनें शत्रूचा कोणता लाभ झाला असता? ही माहिती शत्रूपासून नव्हे, तर मित्रापासून व स्वतःच्या प्रजेपासून लपविली गेली. सरकारी दप्तर तपासतांना 'गुप्त' हा शिक्का दिसला कीं हे दोन प्रकार वेगळे करून पाहावे, हा ह्या प्रकरणाचा पहिला धडा होय.

(५) दुधाची बंदी

सरकारच्या कृतीची दुसरी बाजू पाहिल्याखेरीज हें परीक्षण न्याय्य होणार नाहीं. भट्टींतून बाहेर पडलेल्या द्रव्यांत किरणोत्सर्गी आयोडीन मुख्य होतें. तें सुमारें २०,००० क्यूरी असावें असा अंदाज नंतर दीर्घकाळ मान्य होता. हें आयोडीन गवतावर बसतें, गायीच्या पोटांतून दुधांत उतरतें, आणि तें दूध पिणाऱ्या मुलाच्या कंठग्रंथींत सांचतें. आठ दिवसांत त्याची शक्ति निम्मी होते. म्हणून धोका पहिल्या कांहीं आठवड्यांचा असतो आणि उपाय करावयाचा तो तेवढ्यांतच.

दुधांत किती आयोडीन असल्यास तें वर्ज्य मानावें, याचें प्रसिद्ध प्रमाण त्या वेळीं उपलब्ध नव्हतें. एवढ्या मोठ्या उद्योगाची उभारणी करतांना शेजारच्या गोठ्यांतील दुधाचा विचार आधीं करून ठेवलेला नव्हता, ही तयारीची उणीव होय. तरीपण तेथील शास्त्रज्ञांनीं थोड्या अवधींत हिशेब केला : मुलाच्या कंठग्रंथीस २० रॅडहून अधिक मात्रा पोंचूं नये असें धरून, दर लिटर दुधास ०.१ मायक्रोक्यूरी ही मर्यादा ठरविली. १२ ऑक्टोबर रोजीं भट्टीच्या जवळच्या बारा शेतांचें दूध बंद करण्यांत आलें. पुढील तीन दिवसांत बंदीचें क्षेत्र वाढवून सुमारें २०० चौरस मैल करण्यांत आलें. दूध ओतून देण्यांत आलें, शेतकऱ्यांस भरपाई मिळाली, आणि शेवटच्या भागांतील बंदी २३ नोव्हेंबर रोजीं उठली.

ह्या बंदीचा आधार घाईनें केलेला हिशेब होता. परंतु आंकडा सांगितला गेला, हद्द सांगितली गेली, आणि कोणाचें दूध घेतलें जाणार नाहीं हें प्रत्येक शेतकऱ्यास कळलें. कागद उघडा होता म्हणून कृति घडली. त्याच सरकारनें, त्याच महिन्यांत, दुधाच्या बाबतींत लोकांवर विश्वास ठेवला आणि अहवालाच्या बाबतींत ठेवला नाहीं. पहिल्या गोष्टीनें मुलें वांचलीं. दुसरीनें पुढच्या सर्व आश्वासनांवरील विश्वास झिजला. एकाच सरकारच्या दोन हातांचा असा विरोध क्वचितच इतका स्पष्ट दिसतो.

(६) अस्सलाच्याहि मर्यादा

पेनी-अहवाल अस्सल आहे म्हणून तो सर्वस्वी पूर्ण आहे, असें मात्र मानूं नये. अस्सल आणि सत्य हे दोन शब्द समानार्थी नाहींत, हें आमच्या मंडळींस सांगण्याची गरज नाहीं. समितीचें काम १७ ऑक्टोबर रोजीं सुरू झालें व नऊ दिवसांत अहवाल तयार झाला. तपासलेले साक्षीदार त्या उद्योगाच्याच आंतील माणसें होतीं. भट्टीच्या आंत जाऊन पाहणें अशक्य होतें. प्रारंभ युरेनियमची कांडी फुटल्यानें झाला असणें अधिक संभवनीय, असें समितीनें मानलें. लिथियम-मॅग्नेशियमच्या कांड्यांची शक्यताहि तिनें सोडली नाहीं. पुढील अभ्यासकांनीं ह्या कारणमीमांसेबद्दल पुन्हां शंका काढल्या आहेत.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे, भट्टींत बाँबच्या उपयोगासाठीं बिस्मथपासून पोलोनियम तयार करण्यांत येत असे, आणि आगींत तेंहि बाहेर गेलें. लोकांच्या आरोग्यासंबंधीं सरकारनें प्रसिद्ध केलेल्या हिशेबांत ह्या पोलोनियमाची गणना नव्हती. तिची सार्वजनिक चर्चा १९८३ सालीं झाली आणि तेव्हां सरकारी किरण-संरक्षण संस्थेस आपला त्याच विषयावरील नवा अहवाल पुरवणी जोडून दुरुस्त करावा लागला. कोणाच्याहि प्रकृतीस अपाय होण्याचा संभव अत्यल्प, हें १९५७ सालचें आश्वासन त्यामुळें मुळांतच अपुऱ्या यादीवर उभें होतें. तीस वर्षें दडविलेला कागद उघडल्यानें सर्व कळेल ही समजूत येथें खोटी ठरते. कारण कांहीं गोष्टी कागदांत लिहिल्याच जात नाहींत. १९९२ सालीं लोर्ना आर्नोल्ड ह्या विदुषीनें ह्या अपघाताचा जो साधार इतिहास प्रसिद्ध केला, त्याची योग्यता यांतच आहे कीं, त्यांत एका अहवालावर विसंबून न राहतां अनेक दप्तरें एकमेकांशीं ताडून पाहिलीं आहेत.

(७) तुलनेसाठीं तीन दाखले

विंडस्केलचा प्रकार अपवाद कीं नियम, हें ठरविण्यास दुसरीकडील दाखले उपयोगी पडतील.

पहिला दाखला रशियांतील. विंडस्केलच्या आगीपूर्वीं अवघे कांहीं दिवस, २९ सप्टेंबर १९५७ रोजीं, उरल पर्वताच्या प्रदेशांतील मायाक येथें किरणोत्सर्गी टाकाऊ द्रव्याची टांकी फुटली. हजारों लोकांस गांवें सोडावीं लागलीं. तेथें श्वेतपत्रिकाहि निघाली नाहीं. सोव्हिएट सरकारनें ही गोष्ट १९८९ पर्यंत कबूल केली नाहीं. तथापि झोरेस मेदवेदेव ह्या निर्वासित शास्त्रज्ञानें १९७६ सालीं तिची वाच्यता केली, आणि पुढें रशियन जीवशास्त्रीय निबंधांतूनच तिचा पुरावा जमविला. किरणोत्सर्गी तळीं, त्यांतील मासे, वनस्पति यांचे ते निबंध छापील होते. फक्त स्थळाचें नांव गाळलेलें होतें. प्राण्यांच्या व झाडांच्या जातींवरून त्यानें स्थळ ओळखलें. मुख्य दप्तर बंद असतां दुय्यम कागदांवरून सत्य सिद्ध करण्याचा हा नमुना कोणत्याहि इतिहाससंशोधकास मानाचा वाटेल.

दुसरा दाखला चेर्नोबिलचा. २६ एप्रिल १९८६ रोजीं तेथील भट्टी फुटली. जवळचें प्रिप्यात शहर दुसऱ्या दिवशीं दुपारीं रिकामें करण्यांत आलें. पण गांवोगांवचें दूध वेळेवर थांबलें नाहीं, आणि पुढील वर्षांत हजारों मुलांस कंठग्रंथीचा कर्करोग झाला. तीस वर्षांपूर्वीं कंबरलंडांत जें साधलें होतें तें येथें साधलें नाहीं. आंतरराष्ट्रीय अणुशक्ति-संस्थेच्या सल्लागार मंडळानें १९८६ सालीं जो अहवाल दिला त्यांत मुख्य भर चालविणाऱ्यांच्या नियमभंगावर होता. १९९२ सालीं त्याच मंडळानें नवा अहवाल काढून भट्टीच्या रचनेंतील दोषांस प्राधान्य दिलें. पहिला कागद हात दाखवितो, दुसरा यंत्र दाखवितो, हा विंडस्केलचाच क्रम पुन्हां दिसतो.

तिसरा दाखला जपानांतील फुकुशिमाचा, मार्च २०११ चा. किरणोत्सर्गी वारा कोणत्या दिशेनें जाईल याचा अंदाज करणारी यंत्रणा तेथें आधींपासून तयार होती. तिचे नकाशे लोकांस वेळेवर मिळाले नाहींत, आणि नामिए गांवचे कांहीं लोक आसऱ्यासाठीं नेमके त्या वाऱ्याच्या वाटेवर गेले. म्हणजे १९५७ सालीं आंकडा नव्हता तरी तो तयार करून सांगितला गेला. २०११ सालीं नकाशा तयार असून तो सांगितला गेला नाहीं.

(८) निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी निष्पन्न होतात :

(अ) संकटानंतर निघालेला पहिला सरकारी कागद हा त्या संकटाचा इतिहास नसून त्याच्या बंदोबस्ताचा एक भाग असतो. त्याचें वाचन त्याच दृष्टीनें करावें.

(आ) अशा कागदांत विशिष्ट गोष्टींच्या जागीं सामान्य शब्द आले असतील, तर गाळलेला मजकूर त्याच ठिकाणीं शोधावा. पुढच्या संकटाची तयारी करणारास जो मजकूर अत्यंत आवश्यक, तोच बहुधा तेथून गेलेला असतो.

(इ) तरी सर्वच तयारी व्यर्थ ठरत नाहीं. इंग्लंडांत १९५९ सालीं अणुकेंद्रांस परवाने देण्याचा कायदा झाला व नंतर स्वतंत्र तपासणी-खातें निर्माण झालें. चेर्नोबिलनंतर, १९८६ सालींच, अपघाताची खबर शेजारी राष्ट्रांस तत्काळ देण्याचा आंतरराष्ट्रीय करार झाला. ह्या सुधारणा झाल्या त्या जें उघड झालें त्याच्यामुळें. जें झांकलें गेलें त्याचा त्यांस उपयोग झाला नाहीं.

शेवटीं संग्राहकांस एक विनंति. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर तारापूर येथें १९६९ पासून अणुवीजकेंद्र आहे, व मुंबईजवळ तुर्भे येथें त्याहून जुनें संशोधनकेंद्र आहे. अशा केंद्रांच्या शेजारच्या गांवांत वांटलेलीं सूचनापत्रकें, रंगीत तालमींचे हुकूम, ग्रामपंचायतींचीं इतिवृत्तें, दूध-संघांचीं खातीं, हीं आज कोणी जपून ठेवण्याजोगीं मानीत नाहीं. उरलच्या तळ्यांतील माशांचे निबंधहि कोणी ऐतिहासिक साधन म्हणून लिहिले नव्हते. सरकारची तयारी खरोखर कितपत गांवापर्यंत पोंचली होती, याचा निर्णय उद्यांच्या संशोधकास ह्याच चिटोऱ्यांवरून करावा लागेल. ज्यांच्या घरीं ताडपत्रें व मोडी रुमाल जपले जातात, त्यांनीं एक रुमाल ह्या कागदांसाठींहि राखून ठेवावा.